चोवीस-तेवीस : एका शालेय कबड्डी सामन्याचं प्रकरण

व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा आहे. समोरच्या संघातल्या कुणाच्या तरी मोठ्या भावाने काढलेला. फोन हललाय, मधे एकदा कुणाचं डोकं आडवं आलंय, आवाजात नुसता गलका. सुरुवातीला तो बघताना मी फक्त पाय बघत होतो. त्यात एक हातही आहे, हे मला नववीतल्या एका मुलीने दाखवलं.

मी त्या शाळेचा क्रीडाशिक्षक. शाळा पूर्व नागपुरातली, एवढंच सांगतो. मुलांची नावं द्यायची नाहीत असं पालकांशी बोलून ठरवलं आहे, म्हणून इथे त्यांना त्यांच्या जागेवरून किंवा कामावरून ओळखा. कर्णधार हा आमचा उजवा कोपरारक्षक. त्याच्या शेजारचा मध्यरक्षक. बाकावर बसलेला एक राखीव खेळाडू. आणि गुणलेखक, म्हणजे ती नववीतली मुलगी. मुलींच्या संघात खेळते आणि मुलांच्या सरावाची गुणवही तिच्याकडे असते. समोरच्या संघाची जर्सी हिरवी होती, म्हणून त्यांचा चढाईपटू तो हिरवा.

सामन्याआधीचं

पोरं नंदनवन, वाठोडा, खरबी भागातली. कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाचे कळमन्याच्या बाजारात हमाली करतात, दोघांच्या आया डबे करून देतात. शाळेला मैदान आहे म्हणायचं; अर्ध्यात सायकलस्टँड आणि पाण्याची टाकी, उरलेल्यात कबड्डीचं एक मैदान जेमतेम बसतं. २०१७-१८ला विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा आमच्या गल्ल्यांमध्येही फटाके फुटले होते, पण बॅट आणि पॅडचा खर्च काढला की क्रिकेट आमच्या यादीतून बाद होतं. कबड्डीला चुन्याच्या रेषा लागतात आणि चौदा पोरं.

शालेय स्पर्धांची उतरंड बाहेरच्यांना माहीत नसते. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे वयोगट असतात. नागपूर महापालिकेचा भाग स्पर्धेपुरता स्वतंत्र जिल्हा धरतात. इथला विजेता विभागाला जातो, तिथे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे. त्यापुढे राज्य, मग राष्ट्रीय. सांघिक खेळात वर एकच संघ जातो. उपविजेत्याला ढाल मिळते, फोटो मिळतो आणि तो घरी जातो.

त्यात दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, पातळी जितकी वरची तितके जास्त. सतरा वर्षांखालच्या संघात दहावीची पोरं भरपूर असतात. त्यामुळे मनपाच्या अंतिम सामन्यात पोरं ढालीसाठी खेळत असतात आणि दोरीबाहेर उभे असलेले आईबाप मार्कांसाठी. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्या घरात अकरावीच्या प्रवेशासाठी एकेक टक्का मोजला जातो तिथे हे होणारच. पण या प्रकरणाचं मूळ शोधताना लोक पोरांच्या संस्कारांपाशी जाऊन थांबतात. मला ते मूळ या उतरंडीत जास्त दिसतं.

आता कर्णधार. तो मी निवडला होता. उंच, आवाज खणखणीत, दहावीत, पकड चांगली. त्याला काम काय दिलं होतं? नाणेफेक. टाइमआउट मी घ्यायचो, बदली खेळाडू मी ठरवायचो, पंचांकडे जायचं तर मीच उठायचो. सामन्यानंतर गुणपत्रकावर सही त्याची. दोन वर्षांत त्याने मैदानावर स्वतःच्या मनाने एकही निर्णय घेतल्याचं मला आठवत नाही, कारण घ्यायची वेळच मी त्याच्यावर येऊ दिली नव्हती.

शेवटची चढाई

२०२४चा सप्टेंबर. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक होऊन आठवडा-दीड आठवडा झाला होता. ऊन असं की मातीवर पाणी मारलं की दहा मिनिटांत पुन्हा धूळ. अंतिम सामना, शेवटची काही सेकंदं, आम्ही २४, ते २३. चढाई त्यांची.

आमचे सहा जण मैदानात. सहा बचावपटू असले की बोनस मिळू शकतो, म्हणजे हिरव्याला बरोबरीसाठी कुणाला शिवायचीही गरज नव्हती. एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकून दुसरा हवेत ठेवला की झालं. त्यामुळे त्या बाजूच्या पंचाची नजर त्याच्या मागच्या पायावर होती. आणि ती तिथेच असायला हवी होती. पंचाची चूक झाली असं मी म्हणत नाही.

हिरवा बोनसच्या नादाला लागलाच नाही. त्याने उजवीकडे झुकून पाय लांबवला. आमच्या कर्णधाराच्या नडगीला त्याचा अंगठा घासला. कर्णधार सवयीने त्याच्यावर झेपावला, हात रिकामे राहिले, उजवा पाय राखीव क्षेत्राच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्याच्या, रेषेपलीकडे पडला आणि लगेच मागे आला. मधे आमचा मध्यरक्षक आडवा. हिरवा एक बोट वर करून मध्यरेषेकडे पळाला. पंचांनी चढाई रिकामी दिली. शिट्टी. २४–२३.

स्पर्श दिला असता तर आम्ही हरलो असतो असंही नाही. २४–२४ झाले असते आणि पाच-पाच चढायांचा डाव लागला असता. आम्ही त्या दिवशी विजय चोरला असं जे नंतर बोललं गेलं, ते तितकंसं बरोबर नाही. आम्ही पाच चढायांची भीती चुकवली.

हिरवा मधोमध उभा राहून आमच्या कर्णधाराला विचारत होता, "लागला ना बे? सांग ना, लागला ना?" तो काही बोलला नाही. आमची पोरं त्याच्या अंगावर येऊन पडली होती.

हस्तांदोलन झालं नाही. समोरच्या पोरांनी रांग लावली आणि आमचा कर्णधार आला तसे सगळ्यांनी हात मागे घेतले. दोरीबाहेरून त्यांच्या शाळेच्या पोट्ट्यांनी सुरू केलं, "फसव्यांना घेऊन जा गे मारबत!" मारबतीच्या आरोळ्या नागपूरकरांना जिभेवरच असतात, दरवर्षी महागाईपासून खोकल्यापर्यंत सगळं त्यात जातं, या वेळी आम्ही गेलो. रात्री आमच्या राखीव खेळाडूने व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं, ढालीचा फोटो आणि खाली "पुरावा दाखवा". त्यांनी पुरावा दाखवला. तो व्हिडिओ रात्री अकरापर्यंत दोन्ही शाळांच्या सगळ्या ग्रुपांवर होता. दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या सुट्टीत सायकलींपाशी मारामारी झाली. आमच्या एकाचा ओठ फुटला, दोन टाके पडले. त्यांच्या एकाच्या सायकलचं हँडल वाकलं.

शाळेतल्या बैठका

पहिली बैठक पालकांची. मुख्याध्यापिका मॅडमनी आधीच चौकशी केली होती : गुणपत्रकावर सह्या झालेल्या, लेखी आक्षेप वेळेत आलेला नाही, निकाल कायम. म्हणजे तांत्रिक प्रश्न संपला होता. एक वडील म्हणाले, "मग बैठक कशाची? सर, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा खेळाडूंच्या असतात. पोट्ट्यांच्या पुढचा विचार करा." दुसऱ्या एका पालकांना कर्णधाराला संघातून काढायला हवा होता, त्यांचा मुलगा कोपरारक्षकच होता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

कर्णधाराची आई शेवटी बोलली. "माहा पोरगा खोटं नाही बोलला मॅडम. त्याले कोणी विचारलंच नाही."

या वाक्याला आमच्यापैकी कुणाकडेही चटकन उत्तर नव्हतं. हिरव्याने विचारलं होतं, पण पंचांनी नाही, आणि मी तर नाहीच. कबड्डीत स्पर्श झालेल्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचं ही जुनी रीत आहे, पण ती रीत आहे. गप्प राहिलेल्या पोराला कुठल्या कलमाखाली दोषी धरायचं?

शाळा समितीवरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विश्वनाथची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं, तो बाद नव्हता म्हणून भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावलं. पोरं मन लावून ऐकत होती. मग मध्यरक्षकाने विचारलं, "सर, मग मॅच?" सरांनी सांगितलं : टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली, इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. ही गोष्ट वर्गात सांगताना आपण शेवट गिळून टाकतो. सरांनी गिळला नाही, याचं मला बरं वाटलं, पण तिचा व्हायचा तो परिणाम झाला नाही हेही खरं.

दुसरी बैठक फक्त संघाची, जिम्नॅस्टिकच्या गाद्या ठेवायच्या खोलीत. मॅडम, मी, बारा पोरं आणि गुणलेखक. व्हिडिओ मॅडमच्या लॅपटॉपवर. कर्णधार म्हणाला, स्पर्श झाला असं त्याला नक्की वाटलं नाही, काहीतरी घासलं एवढंच. त्यावर अर्धा तास वाद चालला. नडगी होती की मोजा, मोजाला लागलं तर धरतात का (धरतात, अंगावरच्या कपड्याला लागलं तरी स्पर्शच), मातीचा कण होता का.

गुणलेखक कोपऱ्यात गादीवर बसली होती. ती म्हणाली, "लागलं की नाही याने फरकच नाही पडत." आणि उठून तिने पडद्यावर बोट ठेवलं. कर्णधाराचा उजवा पाय, राखीव क्षेत्रात. "लागलं असेल तर स्पर्शाचा गुण. नसेल लागलं तर झटापट सुरूच नाही झाली, मग हा राखीव क्षेत्रात गेला म्हणून बाद. दोन्हीकडून त्यांनाच एक."

खोलीत सगळे गप्प. तिला हे कुठून माहीत, विचारल्यावर म्हणाली, हांगझोऊची फायनल. २०२३च्या ऑक्टोबरात आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत-इराण २८–२८ असताना पवन सेहरावत कुणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला, इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले, आणि कोण बाद, किती गुण, यावर सामना बराच वेळ थांबला होता. शेवटी भारत ३३–२९ जिंकला. आमच्या सगळ्या पोरांनी तो पाहिला होता, नाचली होती. नियम काय होता ते तिने शोधून काढलं होतं. माझ्याही डोक्यात तो नियम होता. त्या पायाकडे मी तसा बघितला नव्हता, किंवा बघायचं नव्हतं.

मग तिने व्हिडिओ थोडा पुढे नेला, चौदाव्या सेकंदावर थांबवला. हिरवा मध्यरेषेकडे पळतोय. कर्णधाराची मान डावीकडे वळलेली, बाकाकडे. आणि पडद्याच्या कडेला एक हात, पांढऱ्या टी-शर्टच्या बाहीतला, तळवा खाली.

"सर, हा हात तुमचा ना?"

आमच्या सरावात त्या खुणेचा अर्थ 'शांत, घाई नको' असा आहे. आघाडी असली की शेवटच्या मिनिटात मी ती नेहमी करतो, तळवा खाली करून हवा दाबल्यासारखी दोनदा. त्या क्षणी मला काय म्हणायचं होतं? शांत, की गप्प? मी या प्रश्नावर बरेच दिवस घालवले आणि माझं उत्तर असं आहे की पहिल्यांदा दाबला तेव्हा शांत, दुसऱ्यांदा गप्प. पोराने दोन्ही वाचलं. आणि दोन्ही बैठकांमध्ये त्याने माझं नाव घेतलं नाही.

मी खोलीत कबूल केलं. फार काही बोललो नाही, "हो, माझा" एवढंच. राखीव खेळाडू हसला, मग त्यालाच कसंतरी वाटलं.

मध्यरक्षकाने विचारलं, मग आपण विभागातून माघार घ्यायची का. दोन-तीन पोरं हो म्हणाली, बाकीची खाली बघत होती. मॅडमनी मतदान घेऊ दिलं नाही. म्हणाल्या, "ज्यांचे मार्क आहेत त्यांनाच हात वर करायला लावायचा म्हणजे मोठ्यांचं ओझं तुमच्या गळ्यात. संघ जाईल, तो निर्णय माझा. सर बाकावर बसणार नाहीत, तोही माझा." मला तेव्हा पहिला निर्णय पळवाट वाटला आणि दुसरा अपमान. दुसऱ्याबद्दल माझं मत आता बदललंय. पहिल्याबद्दल अजून रोज थोडं इकडेतिकडे होतं.

तीन सायकली

कर्णधार, मध्यरक्षक आणि स्टेटसवाला राखीव खेळाडू असे तिघं त्या शाळेत गेले. पाठवलं कुणी नाही. मला त्यांच्या क्रीडाशिक्षकांचा फोन आल्यावर कळलं. मधल्या सुट्टीत गेटवर उभे होते म्हणे, आत यायला घाबरत.

काय झालं ते तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. सारखं एवढंच की कर्णधार म्हणाला, लागला होता. आणि हिरवा म्हणाला, "आता सांगून काय फायदा बे? तुम्ही तर विभागाला चालले." त्यावर याच्याकडे काही नव्हतं. मग हिरव्यानेच विचारलं, तुमच्या मैदानावर दिवाळीनंतर खेळता का, पंच नको. राखीव खेळाडूच्या सांगण्यानुसार त्याने स्टेटसबद्दल माफी मागितली. बाकी दोघांच्या सांगण्यानुसार तो सायकलींजवळच उभा होता. येताना तिघांनी तर्री-पोहे खाल्ले आणि पैसे कर्णधाराने दिले, यावर मात्र एकमत आहे.

विभागाला आम्ही पहिल्याच सामन्यात साफ हरलो. तीन लोण बसले, म्हणजे तीनदा आमचे सगळे बाद. मी प्रेक्षकांत दोरीबाहेर होतो, हात खिशात. प्रामाणिकपणाची परीक्षा व्हायला सामना अटीतटीचा लागतो, आमचा नव्हता.

पंच नसलेला सामना

मैत्रीचा सामना म्हणून जो झाला तो मैत्रीचा अजिबात नव्हता. पण या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त तिथे शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुटबॉलमध्ये 'फुटबॉल थ्री' नावाची एक पद्धत आहे. १९९४च्या विश्वचषकात स्वगोल झालेल्या आंद्रेस एस्कोबारचा कोलंबियात मेडेलिन शहरात खून झाला. त्यानंतर त्याच शहरात गल्लीतल्या पोरांसाठी पंचाविना फुटबॉल सुरू झालं, त्यातून ही पद्धत पुढे आली. सामन्याचे तीन भाग : आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून एकमेकांना वागणुकीचे गुण देतात. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केल्यापासून खेळाकडे असं बघणारे लोक आमच्या भागातही आहेत. मला ही पद्धत अशाच एकाने समजावली होती. कबड्डीला ती लावून बघू म्हटलं.

दोन्ही संघ कडुनिंबाखाली बसले. नियम तीन ठरले. स्पर्श झालेल्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचं, चढाईपटूने मागायचं नाही. दोघांचं जमलं नाही तर चढाई पुन्हा. आणि मोठे सगळे पाण्याच्या टाकीपलीकडे. आम्ही दोघं क्रीडाशिक्षक टाकीमागे चहा घेऊन बसलो, आम्हाला मैदान अर्धंच दिसत होतं.

पहिला डाव म्हणजे नुसतं भांडण. दर तिसऱ्या चढाईला खेळ थांबायचा. कुणी हात वर करायचा, मग त्याचाच सोबती म्हणायचा, "काहून जाऊन राहिला बे, नाही लागलं तुले." आपल्याच संघातून येणारा हा दाब, बाहेरच्या माणसाला तो कधी दिसत नाही. दुसरी अडचण अशी निघाली की बोनस स्वतःचा स्वतःला कळत नाही, मागचा पाय हवेत होता की नाही हे पळताना कोण सांगणार? शेवटी दोन्ही कर्णधारांनी गुणलेखकाला बोलावून बोनस रेषेवर उभं केलं. म्हणजे पंच नको म्हणता म्हणता एक पंच आलाच, पण तो त्यांनी नेमलेला होता, आणि नववीतल्या मुलीने "नाही" म्हटलं की दोन्हीकडचे दहावीचे पोरं गुपचूप मागे जात होते.

तिसरी गोष्ट मला आधी सुचली नव्हती. जर्सीच्या टोकाला लागलेलं बोट बचावपटूला खरंच कळत नाही. हिरव्याने आमच्या मध्यरक्षकाला शिवलं, मध्यरक्षकाने शपथेवर सांगितलं नाही. दोघंही खरं बोलत होते. तोवर आम्ही सगळे, मी धरून, हा प्रश्न खरं-खोट्याचा समजत होतो. चढाई पुन्हा घ्यायचा नियम पोरांनी आधीच ठेवला होता म्हणून तिथे मारामारी झाली नाही.

दुसऱ्या डावात थांबणं कमी झालं, कारण दोघंही दमले. ते नऊ गुणांनी जिंकले. नंतर निंबाखाली वागणुकीचे गुण द्यायचे होते, तीनपैकी. आम्ही त्यांना तीन दिले. त्यांनी आम्हाला एक दिला. कारण विचारलं तर हिरवा राखीव खेळाडूकडे बोट दाखवून म्हणाला, "हा हसला."

कर्णधाराचं काम

त्यानंतर शाळेत जे बदललं त्याला उपक्रम वगैरे नाव दिलं नाही. टाइमआउट कर्णधार घेतो. शेवटच्या पाच मिनिटांतला बदली खेळाडू कर्णधार ठरवतो. पंचांशी तोच बोलतो. सामन्याआधी समोरच्या कर्णधाराला भेटून येतो, आणि शनिवारी चौदा वर्षांखालच्या पोरांचा अर्धा तास सराव त्याने घ्यायचा. कर्णधारपद तीन महिन्यांचं, पोरांच्या चिठ्ठ्यांनी. बाकावर बसणारा शिक्षक चढाई सुरू असताना खुणा करत नाही. शेवटचा नियम पाळणं मला सर्वांत जड जातं. मी मांडीखाली हात घालून बसतो, पोरं यावरून माझी नक्कल करतात.

हे सगळं सरळ झालं असं नाही. चिठ्ठ्यांनी निवडून आलेल्या दुसऱ्या कर्णधाराने पहिल्या महिन्यात आपल्याशी न पटणाऱ्या एका चांगल्या चढाईपटूला दोन सामने बसवून ठेवलं. ठरल्याप्रमाणे मी मधे पडायला नको होतं. मी पडलो. त्या पोराची आई शाळेत येऊन रडली होती, आणि कर्णधाराला शिकायला वेळ द्यावा म्हणून दुसऱ्या मुलाचं वर्ष पणाला लावणं मला जमलं नाही. कर्णधाराने मला सरळ विचारलं, "मग निर्णय माझा कशाला म्हणता सर?" बदली खेळाडूचा अधिकार तेव्हापासून शेवटच्या पाच मिनिटांपुरता आहे. आधी तो पूर्ण सामन्याचा होता.

चौदा वर्षांखालच्यांच्या सरावात मात्र एक गोष्ट आपोआप शिरली. ती पोरं स्पर्श झाला की हात वर करून चालू लागतात, कारण शनिवारी मोठा पोरगा त्यांना तसं करायला लावतो. त्यांना सप्टेंबरमधलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं कबड्डी अशीच असते.

जानेवारी

दहावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव शाळेमार्फत जातात. प्रमाणपत्रांच्या प्रती, फॉर्म, मुख्याध्यापकांची सही, शिक्का. विभागाला खेळलेल्या सगळ्या दहावीच्या पोरांचे फॉर्म माझ्या टेबलावर आले, एक सोडून. त्याला विचारलं तर म्हणाला, "माझा नका पाठवू सर." कारण विचारलं नाही मी. पाच वाजता मी त्याच्या आईला फोन केला. तो केला नसता तर मुलाचा निर्णय मुलाचा राहिला असता, हे मला फोन लावतानाही कळत होतं.

ती दुसऱ्या दिवशी त्याला घेऊनच आली, डबे पोहोचवून, हातात पिशवी. त्याच्यासमोर मी म्हटलं, त्याची इच्छा नाहीये. तिने फॉर्म पुढे ओढला.

"मैदानावर तुमचा हात चालला ना सर. इथं माहा चालू द्या."

तिने बाकीचा फॉर्म स्वतः भरला, अक्षर गोल, मुलाचं नाव लिहिताना एकदा खोडलं. सहीच्या जागेवर त्याच्याकडे पेन दिलं. त्याने माझ्याकडे बघितलं, तसंच, डावीकडे मान वळवून. मी टेबलाखाली हात धरून ठेवले होते. बराच वेळ गेला. मग त्याने सही केली, आणि मी शिक्का आणायला ऑफिसात गेलो.